एकोणचाळीस मिनिटांचा तंटा

5 जानेवारी 1906 रोजी मुंबईच्या जेकब ससून गिरणीतले हजारो कामगार मागावर उभे राहायला नकार देऊन बाहेर पडले आणि त्यांनी गिरणीवर दगडफेक केली. तंटा पगाराचा नव्हता, घड्याळाचा होता. त्या वर्षीच्या 1 जानेवारीपासून सरकारने हिंदुस्थानसाठी एकच प्रमाणवेळ ठरवून दिली होती : ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबईची स्वतःची वेळ ग्रिनिचच्या 4 तास 51 मिनिटे पुढे होती. म्हणजे मुंबईकरांनी आपल्या घड्याळाचे काटे 39 मिनिटे पुढे सारायचे होते. गिरणगावातला असंतोष लवकरच शहरभर पसरला. सभा झाल्या, निषेधाच्या अर्जांवर 15,000हून अधिक सह्या पडल्या आणि म्युनिसिपल कॉर्पोरेशनने आपली घड्याळे मुंबई वेळेवरच चालतील असे ठरवून टाकले. ती तशी 1950पर्यंत चालली. हा प्रसंग आजवर दोन तऱ्हांनी सांगितला जातो. एक, जुन्या मुंबईच्या हट्टाची गंमत म्हणून. दोन, व्हाइसरॉय कर्झनच्या कारभाराला मुंबईने दिलेले राजकीय उत्तर म्हणून. दोन्हींत तथ्य आहे. पण दगड मारणारा कामगार हट्टी नव्हता आणि कर्झनच्या धोरणाची चर्चा करायलाही तो बाहेर पडला नव्हता. त्याची तक्रार झोपेची आणि उजेडाची होती, आणि मानवी शरीरातल्या घड्याळाविषयी गेल्या पन्नास वर्षांत जे कळले आहे ते पाहता ती तक्रार बऱ्याच अंशी रास्त ठरते, असे मला वाटते.

मुंबईने वेळेवरून भांडायची ही पहिली खेप नव्हती. रेल्वे आणि तारायंत्र आल्यावर मद्रासच्या वेधशाळेची वेळ देशभरच्या आगगाड्यांनी स्वीकारली होती, आणि 1881च्या अखेरीस गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी तीच मद्रास वेळ मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांनाही लागू केली. फरक 30 मिनिटांचा होता. शहरातल्या शिक्षित मंडळींनी त्यावर काहूर माजवले. राजाबाई टॉवरच्या घड्याळाने कोणती वेळ दाखवायची यावर विद्यापीठ आणि सरकार यांच्यात जुंपली. विद्यापीठ मुंबई वेळ सोडेना आणि सरकार घड्याळाच्या दिवाबत्तीचा खर्च देईना. अखेर 1883 साली सरकारने माघार घेतली. हा वाद वकिलांचा, प्राध्यापकांचा आणि वर्तमानपत्रांचा होता. कचेरीत अकराऐवजी साडेदहाला जायचे, एवढाच त्यांच्या दिनक्रमावर त्याचा परिणाम. त्या वेळी गिरणी कामगार रस्त्यावर आल्याची नोंद माझ्या वाचनात नाही, आणि याचे मला आश्चर्यही वाटत नाही, कारण तेव्हाची गिरणी कोणत्याच शहराच्या घड्याळावर चालत नव्हती. ती सूर्यावर चालत होती.

विजेचे दिवे येण्यापूर्वी मुंबईतल्या बहुतेक गिरण्या उजाडल्यावर सुरू होत आणि मावळतीला थांबत. तुटलेला धागा दिसल्याशिवाय जोडता येत नाही आणि कापसाच्या कणांनी भरलेल्या हवेत उघड्या ज्योतीचा दिवा लावणे म्हणजे आगीला आमंत्रण. मुंबईचा सर्वांत लहान दिवस सुमारे 11 तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा असतो. कामगाराचे कामही त्या मापाने कमी-अधिक होई. या पद्धतीचे कौतुक करण्याचे कारण नाही. उन्हाळ्यात माणूस तेरा तास मागापाशी उभा असे, आठवड्याची सुट्टी नव्हती, आणि पहाटेचा भोंगा चुकला तर दंड होता. पण तिच्यात एक हद्द होती आणि ती मालकाच्या हातात नव्हती. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर 1884 मध्ये परळच्या परिसरात कामगारांच्या सभा घेतल्या आणि 5,500 कामगारांच्या वतीने एक अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत पगार या त्यातल्या मागण्या इतिहासाच्या पुस्तकांत वारंवार येतात. एक मागणी मात्र फारशी चर्चेत येत नाही : काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. तेव्हा मुंबईत मुंबई वेळ परत आली होती. त्या वेळेप्रमाणे वर्षातला सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीत, 6 वाजून 35 मिनिटांच्या सुमारास होतो. म्हणजे 'साडेसहा' हा आकडा कोणीतरी सहज सुचवलेला नाही. वर्षातल्या कोणत्याही दिवशी अंधारात कामाला उभे राहावे लागू नये, असा त्या मागणीचा हिशेब आहे. लोखंडे यांच्या सभांना आलेल्या माणसांनी खगोलशास्त्र वाचले नव्हते. वर्षभर पहाटे उठणाऱ्याला ते वाचावे लागत नाही.

ही हद्द विजेने पुसली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे येऊ लागले. 1905च्या सुमारास कापडाला तेजी होती, आणि दिवे बसवलेल्या काही गिरण्यांनी कामाचा दिवस 14 तासांच्याही पुढे नेला. त्या पावसाळ्याच्या अखेरीस कामगारांनी निदर्शने केली, काही ठिकाणी मारामाऱ्या झाल्या, आणि शहरातल्या इंग्रजी वर्तमानपत्रांनाही गिरणी कामगारांचे हाल दिसू लागले. पुढे नवे फॅक्टरी कमिशन बसले आणि 1911च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांचा दिवस 12 तासांवर आणला. पण तो पुढचा भाग. 1906च्या जानेवारीत कामगारासमोर परिस्थिती अशी होती : तीन-चार महिन्यांपूर्वीच दिव्यांनी त्याची संध्याकाळ घेतली होती, आणि आता सरकारचे घड्याळ त्याची पहाट घ्यायला आले होते. सूर्य मावळल्यावर काम थांबेल याची खात्री उरली नसताना काम 39 मिनिटे आधी सुरू होणार असेल, तर ती 39 मिनिटे संध्याकाळी परत मिळतील यावर त्याने विश्वास का ठेवावा? कागदावर कामाचे तास तेवढेच राहणार होते. कागदाचा अनुभव मात्र त्याने नुकताच घेतला होता.

आता त्या सकाळचा सूर्य पाहू. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मुंबईत सूर्य नव्या प्रमाणवेळेनुसार 7 वाजून 12 मिनिटांच्या आसपास उगवतो. जुन्या मुंबई वेळेनुसार 6 वाजून 33 मिनिटांनी. लोखंडे यांनी मागितलेले साडेसहा जुन्या घड्याळात जवळजवळ सूर्योदयाला पडत होते. नव्या घड्याळातले साडेसहा म्हणजे जुने 5 वाजून 51 मिनिटे, पुरता अंधार. कामगार त्याच्याही तास-दीड तास आधी उठत असणार, आणि घरातली बाई गिरणीत रीलिंग-वाइंडिंगला जाणारी असेल तर ती चूल पेटवायला त्याच्याही आधी. वर्षातल्या ज्या आठवड्यांत सूर्योदय सर्वांत उशिरा होतो, नेमक्या त्याच आठवड्यांत हा बदल अमलात आला. तो जूनमध्ये आला असता तर एवढे दगड पडले असते का, याची मला शंका आहे. तारीख कोणी मुद्दाम वाईट निवडली असे नव्हे. जानेवारी हा इंग्रजी वर्षाचा आरंभ, एवढाच विचार त्यामागे असावा.

39 मिनिटांनी असे काय बिघडते, हा पहिला आक्षेप, आणि तो तेव्हाही घेतला गेला असणार. त्याचे उत्तर 1906 साली कोणाकडेच नव्हते. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या लगेच वर, सुमारे 20,000 पेशींचा एक पुंजका आहे आणि तोच शरीराचे मुख्य घड्याळ आहे, हे 1972 साली प्राण्यांवरच्या प्रयोगांतून कळले. पेशीच्या आत जनुके आणि प्रथिने मिळून साधारण दिवसभराचे चक्र कसे चालवतात, हे फळमाशीवर उलगडून दाखवणाऱ्या तिघा अमेरिकी शास्त्रज्ञांना 2017चे नोबेल मिळाले. या घड्याळाचा आपल्या विषयाशी संबंध येतो तो त्याच्या एका खोडीमुळे : ते बरोबर 24 तासांचे नाही. हार्वर्डच्या चार्ल्स झाइस्लर आणि सहकाऱ्यांनी 1999 साली मोजल्याप्रमाणे त्याचा फेरा सरासरी 24 तास 11 मिनिटांचा आहे. म्हणून त्याला रोज थोडे पुढे ओढून सूर्याशी जुळवावे लागते, आणि ते काम मुख्यतः सकाळचा उजेड करतो. संध्याकाळचा व रात्रीचा उजेड नेमका उलटा परिणाम करतो. तो घड्याळाला मागे रेटतो, झोपेची तयारी करणारे मेलाटोनिन स्रवायला उशीर लावतो. अंधारात उठलेल्या माणसाच्या रक्तात मेलाटोनिन अजून असते, शरीराचे तापमान चढलेले नसते, आणि ज्या उजेडाने त्याचे घड्याळ पुढे आले असते तो उजेड त्याला मिळालेला नसतो. म्हणून पहाटेची वेळ 39 मिनिटे अलीकडे आणली की झोपेची वेळ आपोआप तेवढी अलीकडे येत नाही. मधली तूट झोपेतून वळती होते. आठवड्याला एकच सुट्टी असलेल्या आणि बारा-चौदा तास उभ्याने काम करणाऱ्या माणसाच्या झोपेतून ती वळती होणे किरकोळ नाही.

हे केवळ तर्काने म्हटलेले नाही. जर्मनीत टिल रोनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 21,600 लोकांच्या झोपेच्या सवयी तपासून 2007 साली एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. जर्मनी पूर्व-पश्चिम साधारण 9 रेखांशांत पसरली आहे, म्हणजे पूर्व टोकाला सूर्य पश्चिम टोकापेक्षा 36 मिनिटे आधी उगवतो. सगळ्या देशाचे घड्याळ मात्र एक, शाळा-कचेऱ्यांच्या वेळा सारख्या, दूरचित्रवाणीवरच्या बातम्याही एकाच वेळी. तरीही लोकांच्या झोपेची स्वाभाविक वेळ पूर्वेकडून पश्चिमेकडे दर रेखांशाला सुमारे 4 मिनिटांनी मागे सरकत गेलेली आढळली, म्हणजे बरोबर सूर्याच्या चालीने. मुंबई आणि प्रमाणवेळेचा साडेब्याऐंशी अंशांचा रेखांश यांत 9 अंश 40 कलांचे अंतर आहे. जर्मनीच्या दोन टोकांइतकेच म्हणा ना. एका देशाने शंभर वर्षे एक घड्याळ वापरूनही लोकांची शरीरे ते मानत नसतील, तर मुंबईच्या शरीरांनी ते चार दिवसांत मानावे अशी अपेक्षा करणाऱ्यांचाच अंदाज चुकला होता. त्याच अभ्यासात एक अडचणीचीही गोष्ट आहे आणि ती लपवून चालणार नाही : 3 लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत सूर्याशी असलेले हे नाते सैल पडलेले दिसले. मुंबईची वस्ती 1901च्या जनगणनेतच पावणेआठ लाखांच्या घरात होती. पण आजच्या जर्मन शहरातला माणूस दिवस छताखाली आणि संध्याकाळ विजेच्या झगमगाटात काढतो. नाते सैल पडते ते त्यामुळे. 1906च्या मुंबईत चाळीच्या खोलीत घासलेटची चिमणी होती. उजेडाच्या दृष्टीने पाहिले तर लालबाग-परळचा कामगार शहरात राहूनही खेड्याच्या दिवसावर जगत होता. गिरणीत दिवे होते हे खरे, पण त्यांनी त्याचे दिवसमान बिघडवलेच. काम संपल्यावर त्याला झोप लवकर यावी अशी सोय त्यांनी काही केली नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. मुंबई वेळ तरी कुठे खऱ्या सूर्याची होती? तीही सरासरीच काढलेली. प्रत्यक्ष सूर्य त्या घड्याळाच्या फेब्रुवारीत सुमारे 14 मिनिटे मागे आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला 16 मिनिटे पुढे असतो. मग 'आपल्या सूर्याची वेळ' म्हणून तिचा अभिमान धरण्यात काय अर्थ? अभिमानाबद्दल हा आक्षेप मान्य आहे. पण हा फरक वर्षभरात हळूहळू दोन्ही बाजूंना झुलतो आणि सरासरीला परत येतो. प्रमाणवेळेची 39 मिनिटे कायमची एकाच बाजूची होती. तिसरा आक्षेप सर्वांत व्यवहारी : घड्याळ कोणतेही असो, गिरणीने आपली वेळ 39 मिनिटे पुढे ढकलायची होती, सहाऐवजी 6 वाजून 39 मिनिटांनी भोंगा द्यायचा, मग तंटा कसला? अगदी बरोबर, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणाचे मर्म इथेच आहे. आगगाडीला, तारेला, बंदराला सामाईक वेळ हवी, हे कोणी नाकारू शकत नाही. आगगाडी एका घड्याळावर आणि ती जिथून सुटते ते शहर दुसऱ्या घड्याळावर, हा घोळ मिटवणे गरजेचे होते. पण वेळ एक करणे निराळे आणि कामाचा तास सूर्याच्या संदर्भात कुठे ठेवायचा हे निराळे. पहिली गोष्ट सरकारने ठरवली. दुसरी ठरवण्याचा अधिकार ज्याच्या शरीराला उठायचे होते त्याच्याकडे कधीच नव्हता.

आणि राजकारण? ऑक्टोबर 1905 मध्ये बंगालची फाळणी झाली होती, स्वदेशीची हवा होती, कर्झन नुकताच गेला होता. लोकांना न विचारता लादलेली प्रत्येक गोष्ट त्या दिवसांत परकी सत्तेची खूण ठरत होती. फिरोजशहा मेहतांचे वजन असलेल्या कॉर्पोरेशनने मुंबई वेळ टिकवली ती या भावनेतून. हे मान्य केल्यावरही कामगाराची तक्रार त्या भावनेत विरघळून जात नाही. उलट पुढे काय झाले ते पाहिले तर दोन्ही तक्रारींतला फरकच ठळक होतो. मानाची तक्रार होती तिला दाद मिळाली : क्रॉफर्ड मार्केटवर आणि इतर म्युनिसिपल इमारतींवर मुंबई वेळेची घड्याळे आणखी 44 वर्षे दिमाखाने टिकटिकत राहिली, आणि एका शहरात दोन वेळा नांदल्या. शरीराची तक्रार होती तिच्या वाट्याला काही आले नाही. 1930 नंतर गिरण्यांत रातपाळी रुजली. दुसऱ्या महायुद्धात तर सरकारने 1 सप्टेंबर 1942 पासून सगळ्या देशाचे घड्याळ आणखी तासभर पुढे केले, ते ऑक्टोबर 1945 पर्यंत. त्या तीन हिवाळ्यांत मुंबईत सूर्य घड्याळाच्या सव्वाआठला उगवला. गिरणगावातल्या खोल्यांत माणसे पाळीपाळीने झोपत, रातपाळीवाला परते तेव्हा दिवसपाळीवाल्याची वळकटी गुंडाळलेली असे. भर दिवसाच्या उजेडात आणि चाळीच्या गलबल्यात घेतलेली ती झोप किती कामाची होती हे त्या काळात कोणी मोजले नाही. 2007 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने शरीराचे घड्याळ बिघडवणारे पाळीचे काम 'बहुधा कर्करोगकारक' ठरवले, आणि 2019 मध्ये पुन्हा तपासून रातपाळीबद्दल तेच मत कायम ठेवले. तोवर मुंबईच्या गिरण्या बंद पडून त्यांच्या जागी मॉल उभे राहिले होते.

एका देशाला एक घड्याळ द्यायचे तर कोणाच्या तरी वाट्याला चुकीचा सूर्य येतोच. आसामच्या चहामळ्यांनी प्रमाणवेळेच्या तासभर पुढची 'बागान वेळ' आजवर चालवली आहे, ती याच कारणासाठी. 2018 साली राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी देशात दोन प्रमाणवेळा ठेवण्याची शिफारस केली. तीत ईशान्येला तासभर पुढची वेळ मिळते, मुंबईचे साडेपाच मात्र तसेच राहतात. पश्चिम किनाऱ्याची अडचण ईशान्येइतकी मोठी नाही, पण ती आहे, आणि ती मुलांना जास्त भोवते. अर्थशास्त्रज्ञ मौलिक जगनानी यांनी भारतातल्या आकडेवारीवरून दाखवले आहे की सूर्यास्त तासभर उशिरा असेल तिथे मुले सुमारे अर्धा तास कमी झोपतात, कारण झोपायची वेळ सूर्याबरोबर मागे जाते आणि शाळेची वेळ जागची हलत नाही. घड्याळ बदलण्याची यात गरज नाही. तास बदलता येतो. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये तेच केले : पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला. 1884च्या त्या साडेसहाच्या मागणीनंतर दिवसाचा तास झोपेच्या हिशेबाने ठरवण्याचा मुंबईत इतका उघड प्रयत्न मला दुसरा दिसत नाही. पण आदेश चौथीला येऊन थांबतो. वयात येताना मुलांचे शरीरघड्याळ आणखी मागे सरकते, म्हणजे उशिराच्या शाळेची गरज खरी आठवी-नववी-दहावीला आहे. आणि त्याच मुलांची सकाळच्या सत्राची घंटा अनेक शाळांत सातला होते. जानेवारीत मुंबईत त्या वेळी सूर्य उगवलेला नसतो. शिक्षण खात्याने पुढचा आदेश या वर्गांसाठी काढावा.